सांगलीत इंजिनिअरांच्या संस्थेची मेंबरशिप घ्यावी का? का नुसतंच १५ सप्टेंबरचं शाल-श्रीफळ?

विश्रामबागचा_सिव्हिल

नमस्कार मंडळी. सिव्हिलवाल्यांना विचारतोय पण बाकीच्यांनीही सांगा. मी पुण्यात एका कन्सल्टंटकडे डिझाइनला होतो, आता सांगलीत परत आलोय, घरची अडचण होती आणि खरं सांगायचं तर पुण्याच्या ट्रॅफिकचा वैतागही आला होता. इथं छोटी छोटी आरसीसीची कामं घेतोय, बंगले, जी प्लस टू, मधेच एखादं गोडाऊन. काम मिळतंय, त्याची तक्रार नाही. पण पुण्यात ऑफिसात शेजारच्या टेबलवर विचारायला माणूस असायचा, इथं मी एकटा आणि माझा लॅपटॉप.

तर ओळखीचे एक सिनिअर आहेत, ते भेटले की मेंबरशिपचा फॉर्म पुढं करतात. "अरे लोकल चॅप्टर आहे आपलं, ये की." म्हणून गेल्या इंजिनिअर्स डेला, म्हणजे १५ सप्टेंबरला, गेलो. सातचा कार्यक्रम, पाहुणे आले पावणेनऊला, मग दीपप्रज्वलन, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांची ओळख, मग ज्यांनी ओळख करून दिली त्यांचाच सत्कार. मुख्य भाषण देशाच्या विकासावर, त्यात इंजिनिअर शेवटच्या पाच मिनिटात आला आणि तोही आभारापुरता. जेवण मात्र झकास होतं, नाव ठेवायला जागा नाही.

आता प्रश्न असा की हे एवढंच असतं का? वर्षभर काय करतात ही चॅप्टरवाली मंडळी? आणि घ्यायचीच तर कुठली घ्यायची, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, काँक्रीट इन्स्टिट्यूट, कन्सल्टिंग सिव्हिल इंजिनिअर्सची असोसिएशन, सगळ्यांचे फॉर्म वेगळे, फी वेगळी. नावापुढं चार अक्षरं लागली म्हणून क्लायंट दोन रुपये जास्त देतो का? अनुभव असेल त्यांनीच सांगा, नेटवर वाचलेलं मी पण वाचलंय.

सळई_सिमेंट_वाळू

भावा, पैसे वाचव. मी कॉन्ट्रॅक्टर आहे, डिप्लोमा झालाय, बऱ्याच मिटिंगा जवळून बघितल्यात. टेक्निकल लेक्चर म्हणून बोलवतात आणि तिथं उभा असतो कुठल्यातरी केमिकल कंपनीचा टाय लावलेला पोरगा, पाऊण तास त्याच्या वॉटरप्रूफिंगचं कौतुक, मग जेवण कंपनीचं, पिशवी कंपनीची, पिशवीत डायरी कंपनीची. प्रश्न विचारला की "सर आमचा माणूस साइटवर येऊन डेमो देईल". आता डेमो दिला तर मी नको कशाला म्हणू, पण त्याला टेक्निकल लेक्चर म्हणू नका एवढंच.

आणि क्लायंट दोन रुपये जास्त देतो का म्हणतोस? आमच्याकडं क्लायंट विचारतंय "इंजिनिअर, दोन सळ्या कमी केल्या तर चालतंय का". त्याला तुझी अक्षरं काय सांगणार.

ओळखी होतात ते मात्र खरंय. महापालिकेतले, पीडब्ल्यूडीतले, सगळे एका पंगतीला भेटतात. तेवढ्यासाठी जायचं तर मेंबर नसलं तरी कोण दारात अडवतंय का? मी आजवर कधी फी भरली नाही आणि कधी जेवण चुकवलं नाही.

पाटबंधारे_निवृत्त

वरच्या गृहस्थांचं म्हणणं अगदीच खोटं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, त्यानंतर काही काळ इथल्या एका संस्थेच्या कमिटीवर होतो, म्हणजे हार मीही आणलेत आणि खुर्च्याही मांडल्यात.

आधी कुठली घ्यायची ते. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही सगळ्या शाखांची, स्थापना १९२० ची, १९३५ ला रॉयल चार्टर मिळाला, मुख्यालय कोलकात्याला, तेही गोखले रोडवर (हे मला उगाच बरं वाटतं). त्यात असोसिएट मेंबर, मेंबर, फेलो अशा पायऱ्या आहेत आणि चार्टर्ड इंजिनिअर हा शिक्का तिथूनच मिळतो. इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट चेन्नईची, नावातच विषय आलाय. तुम्ही डिझाइन करताय तर विषयाच्या दृष्टीनं ती किंवा कन्सल्टिंगवाल्यांची जवळची पडेल. पण माझं मत असं की संस्था कुठली ते दुय्यम आहे. आपल्या गावात तिची कमिटी जिवंत आहे का ते बघायचं. एकाच संस्थेचं एका जिल्ह्यातलं चॅप्टर दर महिन्याला काहीतरी करत असतं आणि शेजारच्या जिल्ह्यातलं फक्त लेटरहेडवर असतं.

परवान्याचं म्हणाल तर २०२० च्या युनिफाइड डीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची पात्रता दिली आहे, त्यात इन्स्टिट्यूशनच्या सभासदत्वाचाही उल्लेख येतो. ते परिशिष्ट स्वतः वाचा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या, कट्ट्यावरच्या माहितीवर परवान्याची कामं करू नयेत.

आता पंधरा सप्टेंबर. लोक हसतात, पण तो दिवस विश्वेश्वरय्यांचा आणि ते आपल्याला परके नाहीत. पुण्यात शिकले, मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत लागले, १९०३ ला खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी बसवले, म्हैसूरचं सगळं नाव त्याच्या नंतरचं. माझी कमिटीत कायम भांडणं व्हायची ती यावरूनच, की फोटोला हार घालायच्या ऐवजी त्या दिवशी पोरांना दरवाजा कसा चालतो ते दाखवा. पाण्याच्या वजनावर दरवाजा उघडतो म्हणजे नेमकं काय होतं हे मॉडेल करून दाखवलं असतं तर हॉल भरला असता. हार स्वस्त पडतो, दुसरं काय.

चांगलं काय झालं तेही सांगतो. कोयनेच्या भेटी. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर धरणाला भेगा कुठं गेल्या, तर जिथं धरणाच्या मागच्या (पाणी नसलेल्या) अंगाचा उतार एकदम बदलतो त्या उंचीच्या आसपास. मग मागून काँक्रीटचे टेकू देऊन उंच भाग मजबूत केला. हे कॉलेजात चार ओळीत उरकतात. पण धरणाच्या खाली उभं राहून मान वर केली, १०३ मीटर उंची डोळ्यात मावेना आणि तिथं एखाद्या जुन्या माणसानं हात करून "इथं" म्हणून दाखवलं की सेक्शन बदलला तर ताण का साठतो ते परत शिकवावं लागत नाही. परवानगी महिनाभर आधी काढावी लागते, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, गाडी नंबर, सगळं. एकट्यादुकट्याला ते कोण देणार? चॅप्टरच्या लेटरहेडचा उपयोग असा असतो. १९९९ चं लेक टॅपिंग, म्हणजे जलाशय रिकामा न करता पाण्याखाली शेवटचा खडक उडवून बोगद्यात पाणी घेतलं, त्या कामावरच्या लोकांकडून ते ऐकणं आणि पुस्तकात वाचणं यात फार फरक आहे, आणि ती माणसं आता थकत चालली आहेत.

सळई_सिमेंट_वाळू

काका, कोयनेला आम्ही पण आलो असतो की, कॉन्ट्रॅक्टरला कोण सांगतंय. व्हॉट्सअप ग्रुपवर फक्त वाढदिवस असतात.

पाटबंधारे_निवृत्त

फी भरली असती तर पत्र आलं असतं. 🙂

कॉलम_बीम_ताई

मी इथं स्ट्रक्चरल प्रॅक्टिस करते, मिरजेत ऑफिस आहे. मेंबर आहे आणि चिडते पण, दोन्ही लिहिते.

आधी चिडणं. कार्यक्रम सगळे रात्री. साडेसात म्हणायचं आणि साडेआठला सुरू करायचं आणि दहाला जेवण. घरी लेकराची परीक्षा असते, स्वयंपाक असतो, मिरज-सांगली रस्त्यावरनं रात्री अकराला एकटीनं स्कूटीवर यायचं, कोण येणार बायका? मग तीच मंडळी म्हणणार "महिला इंजिनिअर्स फिरकत नाहीत". स्टेजवर मात्र पाहुण्यांना गुच्छ द्यायला पोरी लागतात. आम्ही चार-पाच जणींनी हा विषय कमिटीत लावून धरला, म्हटलं शनिवारी दुपारी साडेचार, चहा आणि बिस्किटं, जेवण नाही, भाषण नाही. आधी कुरकुर झाली की जेवण नसलं तर लोक येणार नाहीत. जेवणासाठी येणारे खरंच आले नाहीत आणि तेच बरं झालं.

त्यातली एक दुपार सांगते म्हणजे तुला अंदाज येईल. विषय साधा, क्यूब टेस्ट, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे मशीनमध्ये दाबून तोडायचे आणि ताकद बघायची. एका कॉलेजच्या लॅबमध्ये जमलो, ज्यानं त्यानं आपापल्या साइटचे क्यूब आणायचे, साइटचं नाव सांगायचं नाही, नुसता खडूनं नंबर. पहिल्या पाच मिनिटातच गंमत सुरू झाली. अर्ध्या लोकांचे क्यूब खडखडीत वाळलेले, डिकीत दोन दिवस पडून आलेले. पाण्यातून काढून ओला असतानाच तोडायचा असतो हो, वाळलेला क्यूब जास्त रीडिंग देतो आणि आपण खूश. मग एकाचा क्यूब ठेवला तर वरची घासलेली बाजूच प्लेटखाली वर करून ठेवलेली. लॅबचे मामा काहीच न बोलता तो क्यूब उचलून आडवा फिरवतात आणि परत ठेवतात, म्हणजे साच्याला लागलेल्या गुळगुळीत बाजूंवर लोड यायला पाहिजे.

मग लोड कसा द्यायचा ते. आयएस ५१६ मध्ये, म्हणजे काँक्रीट तपासायच्या भारतीय मानकात, वेग दिलाय, मिनिटाला चौरस सेंटिमीटरला १४० किलो, म्हणजे १५० मिलिमीटरच्या क्यूबला सेकंदाला साधारण सव्वापाच किलोन्यूटन. मामांनी एकाच बॅचचे क्यूब घेतले, काही नियमानं हळू तोडले आणि काही व्हॉल्व्ह भसकन उघडून. भसकन तोडलेल्यांचं रीडिंग जास्त. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कारण बाजारातल्या घाईच्या लॅबमध्ये गर्दी असली की कसं तोडतात ते प्रत्येकाला माहिती आहे आणि त्याच रिपोर्टवर आपण सह्या करतो.

आणि मग चर्चा आपोआप मुद्द्यावर आली की मुळात क्यूब काढतो किती. आयएस ४५६ (काँक्रीटच्या बांधकामाचं मानक) प्रमाणं पाच घनमीटरपर्यंत एक सॅम्पल, सहा ते पंधराला दोन, सोळा ते तीसला तीन. सॅम्पल म्हणजे तीन क्यूब, एक क्यूब नव्हे. हजार स्क्वेअर फुटाची स्लॅब बीमसकट धरली तर बारा-पंधरा घनमीटर कुठं गेली नाही, म्हणजे २८ दिवसाचेच सहा क्यूब झाले, सात दिवसाचे पाहिजे असतील तर ते वेगळे. तीनातल्या एकाचं रीडिंग सरासरीपेक्षा पंधरा टक्क्यांच्या वर किंवा खाली गेलं तर ते सॅम्पलच बाद. हे सगळ्यांना पाठ असतं, पण साइटवर किती निघतात ते विचारू नका. त्या दिवशी एका सरांनी सांगितलं की मी आता क्यूब काढल्याशिवाय पुढच्या टप्प्याचं ड्रॉइंगच देत नाही. हे वाक्य मी लगेच उचललं आणि माझ्या ऑफिसात तेव्हापासून तसंच चाललंय. कॉन्ट्रॅक्टर शिव्या देतात, देऊ देत.

दुसरं २०१९ च्या पुरानंतरचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटाच्या वर गेलं होतं, सांगलीकरांना सांगायला नको. पाणी उतरल्यावर लोक विचारायला लागले घरात जाऊ का नको. आम्ही काही मेंबर जोड्या करून गावभागाकडं फिरलो, फी नाही, सर्टिफिकेट नाही, नुसतं बघून सांगायचं. त्यात एक गोष्ट सारखी दिसली ती म्हणजे कंपाउंड वॉल पूर असताना उभ्या आणि पाणी ओसरल्यावर आडव्या. आतली भराव माती पाणी पिऊन जड झालेली आणि बाहेरचं पाणी एकदम गेलं की आतून ढकलणारं तेवढं राहतं, त्यात भिंतीला वीपहोल, म्हणजे पाणी निघायची भोकं, नाहीत. आणि मातीच्या जोडकामातली जुनी घरं, वरनं गिलावा छान, पण खालच्या तीन-चार थरातली माती धुऊन गेलेली. टाचणीनं टोकरलं तरी टोक आत जायचं. अशा घरात लोक चूल पेटवून भिंत लवकर वाळवायला बघत होते, त्यांना आधी बाहेर काढलं. हे एकट्या इंजिनिअरनं सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, चार जण आयकार्ड घालून आले म्हणून ऐकलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, अक्षरांनी एक रुपया पण वाढत नाही. पण तू लिहिलंयस की शेजारच्या टेबलवर विचारायला माणूस नाही. तो माणूस तिथं मिळतो, पंधरा सप्टेंबरला नाही, शनिवारी साडेचारला.

कुपवाड_फाउंड्री

मेकॅनिकलकडून पण एक. कुपवाड एमआयडीसीत कास्टिंगचं काम आहे आमचं. आमच्याकडं चॅप्टर म्हटलं की सगळे कोल्हापूरला जातात, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचं कोल्हापूर चॅप्टर. इथून गाडीनं तासा-दीड तासाचं काम, रस्ता कसाय त्यावर.

आमच्या धंद्यात एक अडचण आहे बघा, शेजारचा फाउंड्रीवाला आपला स्पर्धक. त्याच्या गिऱ्हाइकाचं कास्टिंग उद्या आपल्याकडं येईल, आपलं त्याच्याकडं. त्यामुळं कोण काय सांगत नाही. तरी पण रिजेक्शनचा विषय निघाला की सगळे बोलायला लागतात कारण दुखणं सगळ्यांचं सारखंच. एका सेशनला लोक कापलेली कास्टिंग पिशवीतनं घेऊन आले होते, टेबलवर मांडली, कुणाचं ब्लोहोल, कुणाचं श्रिंकेज, कुणाचं सँड इन्क्लूजन, म्हणजे आत वाळू अडकलेली. गुळगुळीत चकचकीत गोल भोक असेल तर गॅस, आणि आत खरबरीत, झाडाच्या फांद्यांसारखं दिसत असेल तर आकसल्याचं. हे पुस्तकात पण असतंय, पण तीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस भोकात बोट घालून सांगतो तेव्हा डोक्यात बसतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमचं रिजेक्शन वाढायचं आणि आम्ही मेटलला दोष देत बसलेलो, तिथं एक जण बोलला की कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवायला साच्यात बसवतात तो वाळूचा ठोकळा) कुठं ठेवता ते आधी सांगा. शेडच्या उघड्या बाजूला रॅक होतं. पावसाळी हवेत कोअर ओल धरतात, वरनं कळत नाही, मेटल पडलं की तीच वाफ. रॅक आत हलवलं, ओव्हनपासून साच्यापर्यंतचा वेळ कमी केला. फरक पडला. फी त्याच सीझनला वसूल.

चार्टर्ड इंजिनिअरच्या शिक्क्याचं म्हणाल तर आमच्याकडं त्याचं काम पडतं, सेकंडहँड मशीन बाहेरच्या देशातनं आणली की कस्टमला चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं, बँकवाले पण मशिनरीचं व्हॅल्युएशन मागतात. सिव्हिलवाल्याला त्याचा किती उपयोग ते माहीत नाही.

डिप्लोमावाला_तासगाव

मधेच विचारतो सॉरी. माझा सिव्हिल डिप्लोमा झालाय, नोकरी चालू आहे, चॅप्टरच्या एका सरांनी सांगितलं एएमआयई कर, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा, घरबसल्या डिग्रीच्या बरोबरीची. खरंय का? कॉलेजला परत जाणं जमणार नाही, घरची शेती पण बघतो.

पाटबंधारे_निवृत्त

बाळा, जपून. आमच्या पिढीत एएमआयई करून कार्यकारी अभियंता झालेले लोक मी पाहिलेत, सेक्शन ए, सेक्शन बी, नोकरी करून रात्री अभ्यास, फार कष्टाची परीक्षा होती. पण केंद्र सरकारच्या आदेशानं ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांचीच एएमआयई नोकरीसाठी पदवीच्या बरोबरीची धरली जाते. त्यानंतर नाव घातलं तर पदवी म्हणून त्याच्यावर विसंबू नये. ज्ञान म्हणून करायची तर जरूर कर. तुला नोकरीत बढतीसाठी कागद हवा असेल तर नोकरी करणाऱ्यांसाठी पदवीचे वर्ग कुठल्या कॉलेजात आहेत ते बघ, डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ज्या सरांनी सांगितलं ते त्यांच्या काळातलं सांगत असतील, मनात वाईट नसणार.

डिप्लोमावाला_तासगाव

धन्यवाद काका, फॉर्म भरायला निघालोच होतो.

टीवाय_मेकॅनिकल

स्टुडंट चॅप्टरवर पण कोणीतरी बोला प्लीज. आमच्या कॉलेजात सगळ्या संस्थांचे स्टुडंट चॅप्टर आहेत, दर वर्षी नवीन कमिटी, प्रेसिडेंट, व्हाइस प्रेसिडेंट, ट्रेझरर, सोशल मीडिया हेड, डिझाइन हेड. कमिटीतली पोरं मेंबरांपेक्षा जास्त. काम काय तर पोस्टर बनवा, गेस्टला स्टेशनवरून आणा, फोटो काढा, सर्टिफिकेट छापा. वर्षभर केलं आणि शेवटी मी कॅनव्हामध्ये एक्स्पर्ट झालो, थर्मोमध्ये बॅकलॉग. बाहाची (गाडी बनवायच्या स्पर्धेची) टीम वेगळी, ती पोरं रात्रभर वर्कशॉपमध्ये चेसिस वेल्ड करत बसतात, ती खरी शिकतात असं वाटतं. आमच्यातल्या कुणाला या मोठ्या लोकांच्या शनिवारच्या मिटिंगला येता येतं का?

कॉलम_बीम_ताई

ये की, कोण नको म्हणतंय. फक्त सर्टिफिकेट मिळणार नाही, चहा मिळेल. आणि तुमच्या कमिटीला सांग, एक्स्पर्ट टॉक ठेवायच्या ऐवजी कुपवाडच्या भाऊंसारख्या कुणाच्या तरी शॉपफ्लोअरवर अर्धा दिवस जा, वीस पोरं चालतात का विचारून.

कुपवाड_फाउंड्री

वीस नको, दहा पाठवा. सेफ्टी शूज घालून, सॅन्डल घालून आला तर गेटवरनंच परत. आणि मेटल ओतताना सेल्फी काढायचा नाही, हे लिहून घेणार आहे.

सळई_सिमेंट_वाळू

ताई, क्यूबचं वाचलं. शिव्या देणारा कॉन्ट्रॅक्टर म्हणजे आम्हीच. पण आमची पण बाजू ऐका, स्लॅबच्या दिवशी मिक्सर सकाळी सातला लागतो, गवंडी, सेंट्रिंगवाला, लिफ्टवाला सगळे डोक्यावर, त्यात साचे कुणाला धुवायचे असतात, तेल कोण लावणार, आणि क्यूब भरायला जो पोरगा लावतो तो त्या दिवशी दुपारी जेवायला गेला की दुसऱ्याच कुणीतरी फावड्यानं भरलेले असतात, सळईनं ठासणं नाही काही नाही. आणि इंजिनिअर स्लॅबला कधी येतात तर सळई चेक करायला आदल्या दिवशी, काँक्रीट पडताना कितीजण थांबतात ते पण एकदा खडूनं लिहा.

कॉलम_बीम_ताई

हे मात्र सोळा आणे खरं. पुढच्या वेळी क्यूब भरायचंच सेशन ठेवू, तोडायचं नाही. तुमचा तो पोरगा घेऊन या, त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. तीन थर, प्रत्येक थराला हातानं किमान ३५ ठोसे, वरनं सपाट, ओल्या पोत्याखाली चोवीस तास आणि मग पाण्यात. अर्ध्या तासाचं काम आहे. मेंबर नसला तरी चालेल.

विश्रामबागचा_सिव्हिल

बापरे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. मला वाटलं होतं फी किती आणि फायदा काय एवढ्यावर संपेल.

मग लगेच कामाचंच विचारतो. श्यामरावनगरच्या बाजूला एक बंगला आहे, मी डिझाइन केलेला नाही, मालक आता माझ्याकडं आलेत. काळी माती, ग्राउंड प्लस वन, खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या भेगा, बाहेरच्या भिंतींनाच जास्त. मालक म्हणतात मे महिन्यात पाच रुपयाचं नाणं जात होतं आणि आता पावसाळ्यात कमी झाल्यात. मिस्त्री दोनदा क्रॅक फिलर भरून गेलाय. जुनं ड्रॉइंग नाही, फुटिंग किती खोल ते कुणाला माहीत नाही. हे असलं तिथं आणलं तर चालतं का, का लोक म्हणतील फुकटात कन्सल्टन्सी मागतोय?

कॉलम_बीम_ताई

हेच तर आणायचं! उन्हाळ्यात उघडणाऱ्या आणि पावसाळ्यात मिटणाऱ्या भेगा म्हणजे माती आकसते-फुगते, फिलर भरून उपयोग नाही, उलट मिटायच्या वेळी फिलर मधे आला तर भिंत दुसरीकडं फुटते. आणायच्या आधी एवढं कर. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरमध्ये बसव आणि तारीख लिही, म्हणजे हलतीये का ते दिसेल. बाहेरच्या एका कोपऱ्यात फुटिंगपर्यंत खड्डा घेऊन खोली माप आणि मुरूम कुठं लागतो ते बघ. तिथली माती घेऊन फ्री स्वेल टेस्ट कर, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतनं गेलेली दहा दहा ग्रॅम माती दोन मेजरिंग सिलिंडरमध्ये, एकात डिस्टिल्ड वॉटर, एकात रॉकेल, चोवीस तासानं किती फुगली ते वाच. रॉकेलात ती फुगत नाही. दोन्हीतला फरक रॉकेलच्या आकड्याच्या पन्नास टक्क्यांच्या वर गेला तर सावध. आणि घराच्या चारी बाजूनं फिरून बघ, बाथरूमचं पाणी कुठं मुरतंय, कंपाउंडला झाड कुठलं आहे, प्लिंथ प्रोटेक्शन (जोत्याभोवतीचा फरशीचा पट्टा) आहे का नुसती कुंड्यांची रांग.

पाटबंधारे_निवृत्त

त्यात एक जोडतो. शेजारच्या प्लॉटला नवीन भराव पडला आहे का आणि पावसाचं पाणी आता कुणीकडं वळलंय ते विचारा. त्या बाजूला भराव टाकून टाकून पाण्याच्या जुन्या वाटा मोडल्यात, पाणी साचतं ते प्रत्येकाच्या प्लिंथपाशी. माझ्याकडं त्या भागाचे जुने कंटूर, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारे नकाशे, आहेत, शोधून आणतो.

विश्रामबागचा_सिव्हिल

खड्डा या रविवारी घेतो. रॉकेल कुठं मिळतं आता?

सळई_सिमेंट_वाळू

रॉकेल माझ्याकडं हाय, सेंट्रिंगच्या जुन्या सामानात कॅन पडलाय, अर्धा लिटर नेऊन जा. आणि खड्ड्याला माणूस पण देतो, फुटिंग बघायची मला पण हौस हाय. शनिवारी मी पण येतो मग. ताई, बिस्किटं कुठली असतात?

कॉलम_बीम_ताई

पार्ले. फोटो प्रिंट काढून आणा रे, मोबाइलवर पंधरा जणांना दिसत नाही, आणि मालकाचं नाव-पत्ता झाकून.